पणजोबाच्या सहीत नांगर होता, कचेरीच्या कागदावर मात्र 'निरंक'

आधीच सांगून टाकतो. ही पोस्ट आरक्षण द्यावं की देऊ नये यावर नाही. त्यावर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गेल्या दोन-तीन वर्षांत एवढं बोलून झालंय की चहाच्या टपरीवर आता भाव विचारायच्या आधी बाजू विचारतात. ही पोस्ट आहे कागदाची. आपल्या बापजाद्यांच्या कागदाची, आणि आपण सगळे मिळून त्या कागदाची जी माती करालोत तिची. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण शेवटपर्यंत वाचून द्या.

झालं असं की दिवाळीनंतर पुतण्या आला. बारावी झालेला, नीटच्या दुसऱ्या फेरीची तयारी करणारा. लातूरला क्लास, नांदेडला मावशीकडं मुक्काम, असं त्याचं चाललेलं असतं. म्हणाला, "काका, तुम्ही पत्रकार हाव. कचेरीत ओळखी हायत. पणजोबाची नोंद काढून द्या की." मी म्हणलं, कसली नोंद? तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही मी पेपरच वाचत नाही.

मग निघालो. आमचं मूळ गाव कोणतं, तालुका कोणता, हे मुद्दाम सांगत नाही, कारण कचेरी लगेच कळेल आणि तिथल्या लोकांना माझं नाव घेऊन कुणीतरी झापेल. त्यांची एकट्याची चूक नाही. तिथं काय बघितलं तेवढं सांगतो. एक खोली, तिला रेकॉर्ड रूम म्हणतात. कपाटं तीन, त्यातल्या एकाला दार नाही. बाकी सगळं लाल आणि पांढऱ्या कापडाच्या रुमालात बांधलेलं, जमिनीवर रचलेलं. खालच्या थराला ओल. वरच्या थराला उंदीर. एक रुमाल सोडला तर कडेचा कागद हातात चुरा होऊन आला, पापडासारखा. जो कर्मचारी मदतीला होता तो बिचारा भला माणूस. म्हणाला, "साहेब, गेल्या दोन वर्षांत हे बस्ते जेवढ्या वेळा सोडले तेवढे आधीच्या पन्नास वर्षांत सुटले नसतील. आता शिवण राहिली नाही."

हे वाक्य डोक्यात बसलं.

कारण आठवा. २९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि आठवड्याच्या आत सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत 'कुणबी' शब्द शोधायचा. पहिल्या टप्प्यात एक कोटी बहात्तर लाखांवर कागद तपासले आणि ११,५३० नोंदी सापडल्या, असं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. पुढं समितीचा आवाका राज्यभर वाढला, आकडा ५८ लाखांच्या घरात गेला. पण तो विदर्भाचा, खानदेशाचा, पश्चिम महाराष्ट्राचा. मराठवाड्यात नोंदी कमीच, आणि लातूरकडं तर फारच कमी.

आता एक कोटी बहात्तर लाख हा आकडा नीट बघा. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात एवढे सरकारी कागद एवढ्या थोड्या दिवसांत कुणी हाताळले नसतील. तलाठी, मंडळ अधिकारी, मास्तर, ग्रामसेवक, सगळे कामाला लागले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर, जन्ममृत्यूचा नमुना नंबर १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, दारूबंदी खात्याच्या वह्या, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची रजिस्टरं, खरेदीखतं. जे जे म्हणून जुनं होतं ते सगळं उघडलं. आणि काय बघितलं? एक शब्द. तो आहे का नाही. असला तर पान स्कॅन, जिल्ह्याच्या वेबसाइटवर. नसला तर पुढचं पान. शेवटी गावाच्या नावापुढं आकडा किंवा 'निरंक'.

त्या न सापडलेल्या पानांवर काय होतं, हे कुणी लिहून ठेवलं का? माणसं होती हो त्याच्यावर.

आमच्याच घरचं सांगतो. कचेरीतनं उत्तर मिळालं, निरंक. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरला 'मराठा', पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीला 'मराठा', कारण ताप, वय अंदाजे पासष्ट. पुतण्याचं तोंड उतरलं. मग वहिनीला आठवलं की जुन्या घराच्या माडीवर एक लोखंडी ट्रंक आहे, सासऱ्यांनी कधी कुणाला उघडू दिली नव्हती. उघडली. आत अडकित्ता, फुटका आरसा, आणि मेणकापडात गुंडाळलेले तीन कागद.

पहिला कागद स्टॅम्पाचा. वर निजाम सरकारची उर्दू छपाई, खाली मोडी. तारखेत १३४० दिसत होतं. आमच्या चुलतभावानं लगेच व्हॉट्सअॅपला टाकलं की आपल्या घराण्याचा कागद शिवाजी महाराजांच्या तीनशे वर्षं आधीचा सापडला. अभिनंदनं यायला लागली. मी म्हणलं, थांब बाबा, हे फसली साल आहे. निजामाच्या राज्यात सरकारी हिशेब फसलीत चालायचा. फसलीत ५९० मिळवा, इसवी सन येतं. १३४० म्हणजे १९३०-३१. (ही एवढी बेरीज माहीत नसल्यामुळं किती घरांत चुकीची वंशावळ चिकटवली गेली असेल, देव जाणे.)

मोडी वाचायला लातूरचे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या दारात आमच्या आधी चौघं बसलेली. मोडी वाचणाऱ्याला आजकाल डॉक्टरसारखे नंबर लागतात. मास्तरांनी भिंग लावलं, आणि बोटानं ओळ धरून वाचायला लागले. माझ्या पणजोबानं दीडशे रुपये हाली घेतले होते. हाली म्हणजे निजामाचा रुपया, इंग्रजांचा तो कलदार. बदल्यात आठ एकर गहाण. मुदत चार वर्षं, नाही फिटलं तर जमीन सावकाराची. १९३० चं साल आहे, लक्षात घ्या. जगभर मंदी, ज्वारी-कापसाचे भाव पडलेले. अमेरिकेत शेअर बाजार बसला त्याचा धक्का आमच्या आठ एकरांपर्यंत आला होता, आणि हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

खाली सह्या. पणजोबाला लिहिता येत नव्हतं. त्या काळी लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याची खूण काढायचा. मास्तर म्हणाले, "हे बघा. निशाणी नांगर." तीन रेघांचा नांगर. हात थरथरला असावा, रुमणं वाकडं आलंय. आणि त्याच्या शेजारी एक गोल. ते काय? "निशाणी बांगडी. बाईची." पणजीची. जमीन गहाण टाकायला तिचीही संमती घेतली होती. तिचं नाव त्याच्यात होतं. ते नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. लग्नात नाव बदलतात आपल्याकडं, तसं तिचं सासरचं नाव निराळंच सांगत आलो होतो सगळे. कंधारकडची होती एवढंच ठाऊक. सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्याला फोन लावला, ती फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, "माय तिला त्या नावानं हाक मारायचे माहेरचे. मी एकदाच ऐकले, लई लहान होते."

पुतण्या शेजारी बसलेला. त्यानं विचारलं, "मास्तर, कुणबी लिहिलंय का कुठं?" मास्तर म्हणाले, नाही. "मग काय उपयोग," म्हणून पोरगं मोबाइल बघायला लागलं.

मी त्याच्यावर चिडलो नाही. त्याला एका शब्दावर सीट मिळणार किंवा जाणार. अठरा वर्षांच्या लेकराला ही गरज आपण लावली. नांगर काढून सही करणाऱ्या माणसाच्या पणतूनं तो शेतकरी होता का नव्हता याचा पुरावा मागावा, आणि पुरावा समोर असून तो चालू नये, ही गंमत त्यानं तयार केलेली नाही.

दुसरा कागद उर्दूतला. तो घेऊन नांदेडला देगलूर नाक्याकडं एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेलो. चाचांनी चष्मा पुसला आणि सरळ पेपर वाचल्यासारखा वाचला. "अरे बेटा, ये तो पहानी है. सर्वे नंबर, खुश्की जमीन, जवार, तूर. कब्जा तुम्हारे दादा का, मालिक दूसरा." म्हणजे जमीन गेली होती. मुदत संपली, सावकाराच्या नावावर चढली, आणि पणजोबा स्वतःच्याच रानात बटईनं राबत होता. पैसे विचारले तर चाचा रागावले. वर म्हणाले, पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी कुणी यायचं, आता रोज येतात, पण सगळे एकच लफ्ज विचारतात आणि निघून जातात, बाकी काय लिहिलंय ते कुणी ऐकून घेत नाही.

तिसरा कागद मराठीत, टाइप केलेला. १९५० च्या हैदराबाद कुळ कायद्याखालचा, ३८-ई चा. सावकाराच्या नावावर गेलेल्या आठांतले पाच एकर 'संरक्षित कुळ' म्हणून पणजोबाला परत मिळाले होते. पोलीस ॲक्शननंतर १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, कायदा आला, आणि जमीन घरी आली. आज आम्ही भावकीत ज्या पाच एकरांवरून बोलणं टाकलंय ते हेच पाच एकर.

तीन कागदांत एका माणसाचं सबंध आयुष्य. कर्ज, जमीन जाणं, बटई, जमीन येणं. मुक्तिसंग्रामाचा अर्थ मला दर १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनात कधी कळला नव्हता, तो ह्या तिसऱ्या कागदानं सांगितला. आणि सरकारी हिशेबात हा माणूस निरंक.

आता माझ्या रागाचा खरा मुद्दा. त्या गहाणखतावर साक्षीदार होते. पाटील, कुलकर्णी, शेजारचा एक मुसलमान शेतकरी, आणि गावकामगार महार. नावानिशी. त्या साक्षीदाराचा पणतू आज गावात आहे. त्याला जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. त्याच्या घरात ट्रंक नाही, कारण त्यांना जमीनच नव्हती, ट्रंकेत ठेवायला कागद कुठला? त्याच्या पणजोबाचं नाव लिहिलेला कदाचित एकमेव कागद माझ्या घरात निघाला. मी नेऊन दिला तर तो माणूस कागदाला हात लावायला घाबरला, फाटेल म्हणून.

म्हणजे बघा, माझ्यासाठी 'निरंक' असलेलं पान दुसऱ्याच्या घरासाठी सोनं आहे. एक कोटी बहात्तर लाख पानं उलटली तेव्हा अशी किती पानं 'यात कुणबी नाही' म्हणून परत रुमालात गेली? भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, आदिवासींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याचं घर बैलगाडीवर फिरत होतं त्याला आपण विचारतो, साठ वर्षांपूर्वी कुठं होतास ते लेखी दाखव. बिलोली-देगलूरकडच्या मन्नेरवारलूंना विचारा, मुखेड-कंधारकडच्या कोळी महादेवांना विचारा. कुण्या कारकुनानं घाईत अर्धा शब्द लिहिला, 'महादेव' गाळलं, नुसतं 'कोळी' लिहिलं, की तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या. ह्या सगळ्यांचे पणजोबा त्याच रुमालांत आहेत. एकाच खेपेत सगळ्यांचं काम झालं असतं. पान स्कॅन करायला लागणारा वेळ तेवढाच, शब्द असला काय आणि नसला काय.

कुणी म्हणेल, 'आपले अभिलेख' पोर्टल आहे की. आहे. जुने सातबारे, फेरफार तिथं चढवायचं काम चाललंय, त्याला नावं ठेवत नाही. पण मोडीतलं पान स्कॅन करून टाकलं आणि त्यात काय आहे याची सूची नाही, तर शेतकऱ्याला ते दगडावरची रेघ. आणि शाळेची रजिस्टरं, नमुना चौदा, कुळ नोंदवह्या? त्यांचं काय?

हैदराबाद गॅझेटियरचंही एकदा स्पष्ट बोलू. २ सप्टेंबर २०२५ ला आझाद मैदानावर शासन निर्णय हातात आला, गुलाल उधळला गेला. गावागावांत लोकांचा समज झाला की हैदराबादहून एक मोठी वही येणार आणि तिच्यात आपल्या आज्याचं नाव असणार. अरे बाबांनो, गॅझेटियरमध्ये माणसांची नावं नसतात. जिल्ह्यात अमुक जातीचे इतके हजार, तमुक जातीचे इतके लाख, पाऊस किती, पिकं कोणती, बाजार कुठं भरतो, असं असतं त्याच्यात. समाज म्हणून युक्तिवाद करायला त्याचा उपयोग आहे, जरूर आहे. पण तुमचा पणजोबा तिथं भेटणार नाही. म्हणूनच त्या निर्णयात गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती घातली, जमिनीचा पुरावा नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या रहिवासाचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं ठरलं, कुळातल्या नातलगाला आधी प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते बघायचं ठरलं. पुन्हा गाडी येऊन थांबते ती घरच्या कागदावर आणि गावातल्या म्हाताऱ्याच्या आठवणीवरच. हे स्टेजवरनं कुणी सांगत नाही. सत्तेतले सांगत नाहीत, आंदोलनातले सांगत नाहीत, आणि विरोधात मोर्चे काढणारेही सांगत नाहीत. ते तर 'नोंदी खोट्या' एवढंच म्हणतात. सगळं पान स्कॅन करून लोकांसमोर ठेवा, म्हणजे खरं-खोटं दिसेल, ही मागणी मी त्यांच्या एकाही निवेदनात वाचली नाही. खोट्याला आळा घालायचा तोच तर रस्ता. मला एका शाळेच्या रजिस्टरचा फोटो कुणीतरी पाठवला, त्यात एका ओळीला 'कु.' वेगळ्या शाईनं. आता हे कुणबीचं 'कु' की कुमारचं 'कु' की कालपरवाचं 'कु'? मूळ वही स्कॅन होऊन कुलपात गेली असती तर हा प्रश्नच आला नसता. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानामागं बसून 'नोंद काढून देतो' म्हणणाऱ्या दलालांचा धंदाही अंधारावरच चालतो.

आता आपल्या दोन जिल्ह्यांचं वेगळं दुखणं. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे समजत नाही. माझा पणजोबा लातूर जिल्ह्यात जन्मलाच नाही, कारण लातूर जिल्हाच १९८२ चा. त्याआधी उस्मानाबाद. आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हा पट्टा निजामाच्या काळात बीदर जिल्ह्यात. अहमदपूरला तेव्हा राजुरा म्हणायचे. १९५६ ला भाषावार राज्यं झाली, हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले, तालुके इकडं आले, पण कागद सगळेच आले का? बीदर आता कर्नाटकात. तसंच किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, ते नांदेडला आलं. आणि नांदेडचा मुधोळ तालुका तिकडं गेला, आज तेलंगणात. म्हणजे किनवटच्या माणसाचा आजा आदिलाबादच्या बस्त्यात, उदगीरच्याचा बीदरच्या, आणि वरिष्ठ पातळीवरचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात. तीन राज्यं, चार लिप्या. मोडी, उर्दू, कन्नड, तेलुगू. ज्याच्याकडं गाडीभाड्याला पैसे नाहीत त्यानं आजा शोधायचा कसा? मी बीदरला एक चक्कर मारून आलो. भाषा येत नाही, ओळख नाही, दिवसभर बाकड्यावर बसून परत. तिथल्या लोकांचा दोष नाही. त्यांच्यासाठी मी परराज्यातला कुणीतरी.

शिंदे समितीची माणसं हैदराबादला जाऊन आली, ते चांगलंच झालं. पण आणलेलं काय, तर पुन्हा त्या एका शब्दापुरतं. तिन्ही राज्यांनी बसून, सीमेवरच्या तालुक्यांच्या १९५६ पूर्वीच्या सगळ्या महसुली कागदांच्या प्रती एकमेकांना द्यायच्या, एवढा साधा करार करायला काय हरकत आहे? पाण्यावरनं भांडता येतं तर कागदावरनं बोलता येत नाही?

आणि किल्लारी विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला माळवदं बसली तेव्हा माणसांबरोबर ट्रंकाही गाडल्या गेल्या. औसा-लोहारा भागातल्या ज्या घरात वाचलेलं एकच लेकरू होतं, त्याला आज विचारायचं, तुझ्या पणजोबाचा कागद दाखव?

जुन्या काळी ही कामं करणारी माणसं होती. सीमेकडच्या गावांत बैलावर बसून हेळवी यायचे, आमच्याकडं भाट यायचे. सुगीला येऊन खळ्यावर बसायचे, सात पिढ्यांची नावं म्हणायचे, नवीन जन्मलेल्याचं नाव बाडात चढवायचे आणि पायली-दोन पायली जोंधळे घेऊन जायचे. आपण त्यांना भिकारी समजून हाकललं. पंढरपूर-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आज लोक जाऊन नावं शोधायलेत. ज्यांना 'आला बघा परत' म्हणून दार लावलं, त्यांचेच मोबाइल नंबर आता लोक मागतात.

आयर्लंडचं एक उदाहरण देतो, लांबचं वाटेल पण ऐका. १९२२ च्या जूनमध्ये डब्लिनला यादवीत त्यांचं सरकारी दफ्तरखानं जळालं. शेकडो वर्षांचे कागद राख. त्या देशानं काय केलं? जे वाचलं होतं, १९०१ आणि १९११ ची जनगणना, त्यातला प्रत्येक घराचा फॉर्म इंटरनेटवर फुकट टाकला. कुणीही यावं, आपला पणजोबा शोधावा. सही बघावी. शंभर वर्षांनी, २०२२ ला, जळालेल्या दफ्तराच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून त्यांनी ते संगणकावर पुन्हा उभं केलं. आमचं तर जळालंच नाही हो. आमचं आहे. ओल्या जमिनीवर आहे, पण आहे. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदाही आहे. तो किती कचेऱ्यांत माहीत आहे, ते मी विचारून बघितलं. दोन ठिकाणी मलाच त्याची प्रत मागितली.

म्हणून गेल्या सोमवारी अर्ज दिलाय. आमच्या तालुक्यापुरता का होईना. एक, रेकॉर्ड रूममधला प्रत्येक रुमाल पूर्ण स्कॅन करा, शब्द बघू नका. दोन, गाववार सूची लावा, त्यात सगळी नावं, साक्षीदारांसकट, बायकांसकट. तीन, मूळ वह्यांना आता कुणाचा हात लागू देऊ नका, कारण आणखी दोन आंदोलनं त्या शिवणीला झेपणार नाहीत. चार, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मानधन देऊन बसवा. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, तिथं शिकलेली पोरं आहेत. उर्दू वाचणारे तर नांदेड, उदगीर, औशात गल्लोगल्ली आहेत. त्यांना कचेरीत खुर्ची दिली तर कागदही वाचले जातील आणि आपल्या गावांत आणखी चार गोष्टी सुधारतील. हा शेवटचा अर्धा मुद्दा अर्जात लिहिलेला नाही.

अर्जाची पोच मिळाली. तिच्यावरचा आवक नंबर मी जपून ठेवलाय. साहेब म्हणाले, "निधी कुठून आणायचा?" मी म्हणलं, शोध मोहिमेला आला तिथून. ते हसले.

आता तुमच्यासाठी. घरी ट्रंक, फडताळ, देवघराच्या मागं कुठं जुने कागद असतील तर आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. लॅमिनेशन करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आतला कागद कुजतो आणि परत निघत नाही. सेलोटेप लावू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. मूळ कागद दलालाला सोडाच, मलाही देऊ नका. आणि घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर आज रात्री त्याच्यापाशी बसून मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा. आज्जीला तिच्या आईचं माहेरचं नाव विचारा. कचेरीत ते कुठंच मिळणार नाही.

मोडी वाचणारे मास्तर, उर्दूवाले चाचा यांचे नंबर मागू नका, त्यांनी देऊ नका म्हणून सांगितलंय. कागदाचे फोटो इनबॉक्सला पाठवले तर महिन्यातनं एकदा मी त्यांच्याकडं घेऊन जाईन. पण एक अट आहे. पूर्ण कागद वाचून घ्यायचा. शब्द आहे का नाही तेवढंच विचारणाऱ्यांचे फोटो मी नेणार नाही.

पुतण्याचं गावसमितीकडं प्रतिज्ञापत्र दाखल केलंय, बघू. नांगराच्या सहीचा फोटो त्यानं काल माझ्याकडनं मागून घेतला. कशाला, ते विचारलं नाही.

अर्जावर काय होतंय ते पुढच्या सोमवारी इथंच लिहितो.